दरजा भरायच्या राहिल्या

एप्रिल उजाडला की अजूनही मला सकाळी सहाला जाग येते आणि पहिला विचार येतो तो प्रॅक्टिकलचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. कुणाच्या रेकॉर्डबुकावर माझी सही राहिलेली नाही, कुठली बॅच दारात उभी नाही. तरी कूलरच्या वाळ्याचा पहिला ओला वास नाकात शिरला की पोटात गोळा येतो. खरं तर तो यायला हवा परीक्षा देणाऱ्याच्या पोटात. मी तर तीस वर्षं परीक्षा घेणाऱ्याच्या खुर्चीत बसले. पण गेली अकरा वर्षं गोळा मलाच येतो, आणि तो कुणामुळं येतो हेही मला पक्कं ठाऊक आहे.

यंदा त्या गोळ्याच्या जोडीला आमचा हौद आला. आमच्या शहरात नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा. नळाच्या दिवशी माणूस सख्ख्या भाच्याच्या लग्नालासुद्धा जात नाही. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घराच्या अंगणात जमिनीखाली हौद आहे, सासऱ्यांनी बांधून घेतलेला. तो या वर्षी भरला की दुसऱ्या दिवशी वीतभर खाली आणि चौथ्या दिवशी तळ. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, कुणी पाणी पळवतंय की काय?" मी म्हटलं, "अहो, पळवायला आधी असावं लागतं." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. ही माझी जुनी खोड. आधी बोलायचं, हसवायचं आणि मग विचार करायचा. कॉलेजात पोरं मला पाठीमागं मिरची मॅडम म्हणायची आणि, खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत आमचा नेहमीचा सिमेंटवाला आहे. त्याला गाऱ्हाणं सांगितलं तर तो म्हणाला, "टेन्शन नका घेऊ मॅडम. फर्दापूरचा एक आदमी आहे आपल्याकडं. हौदाच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नाही." फर्दापूर म्हटल्यावर माझे कान टवकारले, पण मी स्वतःला म्हटलं, फर्दापुरात काय एकच गवंडी असतो?

दोन दिवसांनी मिस्त्री आले. साठीच्या आसपासचे, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हाताच्या बोटांची कातडी पांढुरकी आणि भेगाळलेली. "जय भीम मॅडम," म्हणाले, मीही जय भीम केला, आणि ते चपला काढून, पिशवीतली थापी घेऊन कोरड्या हौदात उतरले. मी झाकणापाशी उभी. आतून खरवडल्याचा आवाज येत राहिला. मग आवाज आला, जरा घुमलेला.

"मॅडम, वरून गिलावा लई झ्याक केलाय. पण आतल्या दरजाच भरल्या नाईत कुणी. दोन विटांमधली फट बुजली नाय की वरून कितीबी लिंपा, पाणी ठरत नसतं."

मी झाकणाच्या कडेला हात टेकला. दरजा. हा शब्द मी आयुष्यात त्याआधी एकदाच ऐकला होता. बांधकामावर नाही, परीक्षेत.

मी प्राणिशास्त्राच्या मुलांना भ्रूणाची वाढ शिकवायचे. त्यातला एक धडा माझा फार लाडका. सस्तन प्राण्याचा गर्भ, मग तो उंदराचा असो की माणसाचा, अगदी सुरुवातीला एक पेशी असतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आठ होईपर्यंत त्या पिशवीत भरलेल्या बोरांसारख्या दिसतात. प्रत्येकीची कड वेगळी, बोट ठेवून मोजाव्यात. आणि मग काही तासांत गंमत होते. त्या एकमेकींना बिलगतात, अंगाला अंग लावून चपट्या होतात, मधल्या कडा दिसेनाशा होतात. सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेल्या पोराला वाटतं, स्लाइड बिघडली. आठ होत्या, गेल्या कुठं? एकच गुळगुळीत गोळा!

बाहेरून कुणी त्यांना दाबत नाही. त्यांच्या अंगावरच धरून ठेवणारं एक प्रथिन असतं. एकीचं प्रथिन शेजारणीच्या प्रथिनाला धरतं. पण ही पकड बसायला कॅल्शियम लागतं. भोवतीच्या पाण्यातलं कॅल्शियम त्या वेळी काढून घेतलं तर आठही जणी पुन्हा सुट्या, जशी काही कधी ओळखच नव्हती. परत घातलं की परत बिलगतात. त्यानंतरचं काम सावकाश चालतं. बाहेरच्या अंगाच्या पेशी आपसातल्या फटी बुजवायला घेतात. एका दमात नाही, टप्प्याटप्प्यानं. फटी पुरत्या बंद झाल्या की त्याच पेशी आत पाणी ओढतात, ते पाणी बाहेर झिरपत नाही आणि गर्भात पहिली पोकळी होते. आत एका बाजूला मूठभर पेशी राहतात, बाळ होतं ते त्यांचं. फटी बुजवणाऱ्या बाहेरच्या पेशींची पुढं वार होते. बाळ जन्मलं की सगळी माणसं बाळाकडं धावतात, वारेकडं कोण बघतंय!

हे सगळं मी फेब्रुवारीत शिकवायचे, हातवारे करून, फळाभर खडू फासून. त्या वर्षी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात तिसऱ्या बाकावर गौतमी बसायची. फर्दापूरची, वसतिगृहात राहणारी, बाप गवंडी. अक्षर मोत्यासारखं, पण वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. त्या दिवशी मात्र तिनं हात वर केला.

"मॅडम, कॅल्शियम म्हणजे चुनाच ना?"

"हो गं बाई, चुनाच समज," मी म्हटलं. "चुन्यात कॅल्शियमच असतं. तुझ्या पेशींना चुना लागतो म्हण, काही बिघडत नाही."

वर्ग हसला, तीही हसली. आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं. हे मला लख्ख आठवतं, कारण अकरा वर्षांत मी ते सोयीनं विसरायचा किती प्रयत्न केला! ते वाक्य माझं होतं. पोरीनं फक्त ते जपून ठेवलं.

मग एप्रिल आला. आमच्या प्रयोगशाळेतला एप्रिल ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. फॉर्मॅलिनचा वास, पंख्याची कटकट, बरण्यांतले बेडूक आणि साप कंटाळून आपल्याकडं बघतायत, खिडकीबाहेर कडुलिंबाचा मोहोर झडून वऱ्हांड्यात पडलाय आणि त्यावरून पोरंपोरी नखं खात येरझाऱ्या घालतायत. तोंडी परीक्षा. बाहेरगावचे परीक्षक आलेले, मोठे विद्वान, मोठे मऊ बोलणारे. दुपारचं जेवण त्यांना माझ्याकडं होतं. सकाळी केशर आंब्याचा रस काढून फ्रीजमध्ये ठेवून आले होते, आणि इकडं दोन वाजत आले तरी तीन पोरं शिल्लक. खरं सांगायचं तर माझं निम्मं लक्ष त्या रसात होतं.

गौतमी आत आली. सरांनी इंग्रजीत विचारलं, सुरुवातीच्या गर्भात पेशींचे सांधे कसे तयार होतात, सांगा. तिनं इंग्रजीतच सुरुवात केली. पहिलं वाक्य नीट गेलं, दुसऱ्याला अडखळली, तिसऱ्याला थांबली आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, मराठीत सांग. बिचारी घाबरली होती. घाबरलेला माणूस मराठीत येतो तो पुस्तकाच्या मराठीत येत नाही, घरच्या बोलीत येतो.

"सर, विटा नुसत्या एकावर एक ठेवल्या तर भिंत व्हत नाय. चुना लागतो. पेशींना बी चुना लागतो, तवा त्या एकमेकींना धरून बसतेत. चुना काढून घेतला की सुटतेत. पण नुसतं धरून भागत नाय. मग बाहेरल्या पेशी दरजा भरतेत. दरजा भरल्या की आत पाणी ठरतं, हौदात ठरतं तसं."

"दर्जा?" सरांनी भुवया उंचावल्या. "कुणाचा दर्जा?"

"भिंतीच्या दरजा, सर. माझे बाबा गवंडी हायेत."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. तो क्षण माझा होता. मला म्हणता आलं असतं, सर, उत्तर बरोबर आहे. चुना म्हणजे कॅल्शियम, दरजा म्हणजे घट्ट सांधे, आधी काय आणि मग काय हेसुद्धा तिनं चोख सांगितलंय. इतकं सुरेख उत्तर सकाळपासून कुणी दिलं नव्हतं आणि ते मला ती बोलत असतानाच कळलं होतं. नंतर नाही, तेव्हाच.

मी म्हटलं, "काय गं, परीक्षेला आलीस की आम्हाला चुना लावायला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला! सर खो खो हसले. दाराशी थांबलेल्या दोघी हसल्या. गौतमी पण हसली, म्हणजे तिचे ओठ हलले. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. सर म्हणाले, "जा बाळ." ती गेली. गुणांचा कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, "तुम्हीच टाका मॅडम, तुमची विद्यार्थिनी." वीसपैकी मी आठ टाकले. पोटभर हसून झाल्यावर सोळा कसे टाकणार? सोळा टाकायचे तर आधी मघाचं हसणं परत घ्यावं लागलं असतं. त्यापेक्षा आठ सोपे होते. मग आम्ही घरी आलो आणि रस खाल्ला. सरांनी दोन वाट्या मागून घेतल्या.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय, तेच उत्तर एखाद्या बंगल्यातल्या पोरीनं दिलं असतं तर? बाप इंजिनिअर आहे म्हणाली असती, वॉटरप्रूफिंगचा दाखला दिला असता तर? तर मी टाळी वाजवली असती. सरांना म्हटलं असतं, बघा आमची पोरं कसा विचार करतात. माझ्या माहेरी मोठी शेती. लहानपणी विहीर बांधायला आलेल्या माणसांना माझी आजी ओंजळीत वरून पाणी घालायची, त्यांनीच बांधलेल्या विहिरीचं. मी मोठी झाले, शिकले, पोरांना समतेवर भाषणं दिली आणि आपण आजीसारख्या नाही असं समजत राहिले. हातात तांब्या नव्हता, एवढाच काय तो फरक.

गौतमीचा पहिला वर्ग तीन गुणांनी हुकला. तिला गर्भावरच संशोधन करायचं होतं, परराज्यातल्या एका संस्थेचा अर्ज तिनं आणून ठेवला होता आणि तिथं पहिला वर्ग लागत होता. दाखल्यावर सही घ्यायला ती जूनमध्ये आली. मी विचारलं, "पुढं काय?" ती म्हणाली, "बघू मॅडम." सही करायला लागतो तेवढा वेळ माझ्याकडं होता. त्या वेळात मला तीन शब्द बोलता आले असते. मी शाई वाळायला कागदावर फुंकर घातली आणि दाखला तिच्या हातात दिला.

त्यानंतर आठ वर्षं मी तो धडा शिकवला. पेशी बिलगतात, फटी बुजतात, पाणी ठरतं, सगळं तेच. पण चुना हा शब्द काढला नाही. एकदा एका पोरानं विचारलं, "मॅडम, सोप्या भाषेत सांगा ना," तर मी त्याच्यावर अशी खेकसले की पोरगं वर्षभर पुढं बसलं नाही. घरात पानाचा डबा होता, नवऱ्याच्या शौकाचा. ते गेल्यावर डबा मी आतल्या चुन्याच्या डबीसकट भांड्यांच्या कपाटात मागं सारला. आता यावर कुणी हसेल, हसू द्या.

तर मिस्त्री हौदातून वर आले. मी चहा केला होता. ते पायरीवर टेकायला लागले, मी म्हटलं, "खुर्चीत बसा." ते नको म्हणाले. मी खुर्ची उचलून त्यांच्यापुढं ठेवली तेव्हा बसले, पण अर्ध्यावरच. अंगणातल्या लिंबाखाली मोहोर पडत होता, त्यांच्या कपात दोन फुलं पडली, ती त्यांनी बोटानं काढली.

"मॅडम, तुमी वळखलं नसंल मला. गौतमीचा बाप म्या. शेटनं तुमचं नाव सांगितलं तवा म्हणलं, दुसऱ्या कुणाला धाडू नका. मॅडमचं काम हाय, म्याच जातो."

मी हातातली बशी खाली ठेवली. आता हा माणूस बोलणार, आणि बोललाच पाहिजे. मी मान खाली घालून तयार झाले. मनात म्हटलं, बरं झालं बाई, सुटलीस एकदाची.

"लई उपकार हायेत तुमचे आमच्यावर," मिस्त्री म्हणाले.

"कसले उपकार?"

"आता बगा! पोरगी परीक्षा देऊन घरी आली, म्हणली, बाबा, म्या तुमच्या चुन्यावर आन् दरजावर उत्तर दिलं. मॅडम लई खूश झाल्या, हसल्या. मोठ्या सायबाला म्हणल्या, असं उत्तर आजवर कुणी दिलं नाय, बरोबर हाय एकदम." त्यांनी आपले हात उताणे करून गुडघ्यावर ठेवले. "जल्मभर चुना कालवला, मॅडम. बोटं खाल्ली चुन्यानं. आमच्या कामाला कोण विचारतंय? पण त्या दिशी आमच्या थापीचं नाव कॉलेजात निघालं. फर्दापुरात सांगायचं ठेवलं नाय म्या कुणाला. हाटेलावर, बुद्धविहारात, समद्यांना सांगितलं."

मी कसंबसं विचारलं, "आणि तिचा पहिला वर्ग?"

"त्ये नशीब. लेखीत कमी पडले म्हणली. तुमी तर भरपूर दिले व्हते."

एवढी लाज मला माझ्या सबंध आयुष्यात वाटली नव्हती. पोरीनं माझं हसणं घरी नेताना वाटेत धुऊन नेलं होतं. माझ्यासाठी नाही, बापासाठी. मी म्हटलं, "मिस्त्री, ऐका. त्या दिवशी मी..." पण त्यांचं लक्ष कुठं होतं? ते खिशातून मोबाइल काढत होते. "थांबा, थांबा. तिला लावूनच देतो. तुमच्याशी बोलाया लाजती ती. मास्तरीण हाय आता सिल्लोडकडं, विज्ञान शिकवती." आणि वाजणारा फोन त्यांनी माझ्या हातात ठेवला.

मी फोन घेऊन फाटकाकडं गेले. पलीकडं पोरांचा गलका. मग तो आवाज. तोच, पण आता त्याला वर्ग गप्प करायची सवय झालेली.

"बोला बाबा."

"गौतमी, मी बोलतेय. मॅडम. तुझे बाबा आमच्याकडं आलेत, हौदाच्या कामाला."

मी घाईघाईनं सांगत सुटले. म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं. तुझं उत्तर बरोबर होतं, मला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी मी हसले, तरी आठ गुण टाकले. माफी मागायची माझी लायकी नाही, पण तुझ्या बाबांना तरी मी आत्ता खरं सांगते.

"नका सांगू मॅडम."

"अगं, पण..."

"तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय?" ती शांत बोलत होती, चिडून नाही. "अकरा वर्षं तेवढं एक जपलंय त्यांनी. ते काढून घेऊ नका."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग ती म्हणाली, "मी पोरांना अजून चुनाच सांगते, मॅडम. त्यांना लगेच कळतं." पलीकडं घंटा वाजली. "माझा तास आहे. हौद लगेच भरू नका. दरजा भरल्यावर आठ दिवस ओलं ठेवायला लागतं." आणि तिनं फोन ठेवला. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

मी परत आले तेव्हा मिस्त्री पुन्हा हौदात उतरले होते. फटींतली जुनी माती खरवडून, पाणी मारून, एकेका दरजेत माल दाबत होते. बोटानं दाबायचा, थापीच्या टोकानं ओढायचा, परत बोट. एका फटीला किती वेळ! मी झाकणाशी जमिनीवरच बसले, साडीची पर्वा न करता. वरून कुणी बघितलं असतं तर मॅडमला ऊन लागलं असं म्हणालं असतं.

"काय म्हणली पोरगी?" त्यांनी खालूनच विचारलं.

मी म्हटलं, "मिस्त्री, गौतमीचं उत्तर बरोबर होतं. अगदी बरोबर होतं."

थापी थांबली. त्यांनी मान वर केली. भुवयांवर सिमेंटची धूळ, आणि तोंडभर हसू.

"आता व्हय मॅडम! त्ये तर तुमी तवाच सांगितलं व्हतं की."

"हो," मी म्हटलं. "तेव्हाच सांगितलं होतं."